गोष्टीचा उत्तरार्ध

अथेन्समध्ये शरद ऋतूत अपातुरिया नावाचा तीन दिवसांचा सण असे. तिसऱ्या दिवशी मुलांना कुळात दाखल करून घेत आणि वडीलधारी मंडळी त्यांच्यात काव्यपठणाची स्पर्धा लावून बक्षिसं देत. अशाच एका सणाला दहा वर्षांच्या एका मुलाने नव्वदीला टेकलेल्या आपल्या आजोबांच्या तोंडून एक गोष्ट ऐकली. मुलाचं नाव क्रितियस, आणि आजोबांचंही तेच. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत तिथेही होती. आजोबांनी ती गोष्ट आपल्या वडिलांकडून, द्रोपिदेसकडून ऐकली होती. द्रोपिदेसला ती सोलोनने सांगितली होती. आणि सोलोनने ती इजिप्तमध्ये, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या साईस नगरीत, देवळातल्या एका अतिवृद्ध पुजाऱ्याकडून ऐकली होती. ती गोष्ट अटलांटिसची.

हे सारं आपल्याला ठाऊक आहे ते प्लेटोच्या ‘तिमायस’ आणि ‘क्रितियस’ या दोन संवादांमुळे. इ. स. पू. 360 च्या आसपास, उतारवयात त्याने ते लिहिले. त्याआधीच्या कुठल्याही ग्रीक लेखनात या बुडालेल्या राज्याची कथा नाही. राज्य प्लेटोने रचलं, त्याला घाटमाथ्याइतके भक्कम तपशील दिले, आणि मग ते आपल्या तोंडून न सांगता एका घराण्याच्या चार पिढ्यांच्या तोंडी घातलं. ते घराणं त्याच्या आईचं. म्हणजे जगातली सर्वांत गाजलेली काल्पनिक संस्कृती आपल्यापर्यंत पोचली ती आजोळची गोष्ट म्हणून.

मीही ती आजोळीच ऐकली. माझं आजोळ गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी खाडीच्या दक्षिण काठाजवळ. आजोबा मुंबईतल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि गावी येऊन राहिले. मे महिन्यात आम्ही सगळी मावस-मामे भावंडं तिथे जमायचो. रात्री जेवणं झाली की ओटीवर घोंगडी पसरायची, कंदील खाली करायचा आणि आजोबांनी सुरुवात करायची. आजी आत भांडी आवरत असली तरी तिचा कान ओटीकडेच असे आणि मधूनच आतून तिची दुरुस्ती येत असे. आजोबांना ती खपत असे. कारण आजीकडेही गोष्टी होत्या, आणि त्या तिला तिच्या वडिलांकडून, त्यांना देवळातल्या कीर्तनांतून मिळालेल्या होत्या.

आजोबा गोष्ट कधी सुटी सांगत नसत. आधी ती कोणी कोणाला सांगितली ते सांगत. द्रोपिदेस, सोलोन ही नावं त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतली होती. सोलोन कोण, तर अथेन्सचा कायदेकर्ता. इ. स. पू. 594 च्या सुमारास त्याच्या हाती सत्ता आली तेव्हा त्याने शेतकऱ्यांची कर्जं रद्द केली आणि कर्जापायी माणसाला गुलाम करण्याची चाल बंद केली. असा माणूस सांगतो म्हटल्यावर गोष्ट ऐकलीच पाहिजे, असं आजोबा म्हणत. प्लेटोचाही हिशेब तोच असणार. सोलोनचं नाव निघालं की अथेन्सच्या माणसाची मान आदराने लवत असे.

तर सोलोन साईसला गेला. तिथल्या लोकांची देवी नेइथ. ग्रीकांची अथीना ती हीच, असं ते मानत. सोलोन आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कथा सांगू लागला: पहिला माणूस, महापूर, त्यातून वाचलेलं जोडपं. पुजाऱ्याने त्याला थांबवलं. तुम्ही ग्रीक लोक सगळे पोरं आहात, तुमच्यात म्हातारा माणूसच नाही, अशा अर्थाचं तो बोलला. तुमच्याकडे पूर येतात, आगी लागतात, लिहिणारे-वाचणारे नाहीसे होतात आणि डोंगरावरचे अडाणी गुराखी तेवढे उरतात. म्हणून तुम्हाला एकच पूर आठवतो. आमच्या देवळांत मात्र सारं लिहून ठेवलेलं आहे. आणि मग त्याने नऊ हजार वर्षांपूर्वीची हकिकत सांगितली.

इथे आजी हमखास आतून म्हणायची, “म्हणजे सोलोनलासुद्धा कोणीतरी ‘बस बाळा खाली, ऐक’ म्हणणारं होतं तर.”

हेरक्लीजचे स्तंभ म्हणजे आजची जिब्राल्टरची सामुद्रधुनी. त्यांच्या पलीकडे महासागरात, लिबिया आणि आशिया एकत्र केले तरी मोठं ठरेल असं एक बेट होतं. देवांनी पृथ्वी वाटून घेतली तेव्हा ते समुद्रदेव पोसायडनच्या वाट्याला आलं. बेटाच्या मध्यावरच्या एका ठेंगण्या टेकडीवर क्लेइतो नावाची मुलगी राहत होती, तिचे आईबाप वारलेले. पोसायडन तिच्यावर भुलला. तिच्या टेकडीला कोणी पोचू नये म्हणून त्याने भोवती कडी कोरली: दोन जमिनीची, तीन पाण्याची. टेकडीवर त्याने दोन झरे काढले, एक गरम पाण्याचा, एक गार पाण्याचा. क्लेइतोला पाच वेळा जुळे मुलगे झाले. दहा मुलांत बेट वाटलं गेलं. थोरल्याचं नाव अटलास. त्याच्यावरून बेटाला नाव पडलं आणि समुद्रालाही.

आजोबा सकाळी अंगणात काठीने ती कडी काढून दाखवत. मधलं बेट पाच स्टेडिया रुंद. स्टेडियन म्हणजे साधारण 180 मीटर, म्हणजे ते पाऊण-एक किलोमीटर झालं. त्याभोवती एक स्टेडियन पाणी, मग दोन स्टेडिया जमीन, दोन पाणी, तीन जमीन, तीन पाणी. समुद्रापासून बाहेरच्या कड्यापर्यंत पन्नास स्टेडिया लांबीचा कालवा, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर. खाडीकाठची आम्ही मुलं, आम्हाला कालवा म्हणजे काय ते सांगावं लागत नसे. भरतीला गलबत कुठवर आत येईल यावर आमचे वाद होत.

अटलासच्या वंशजांनी देवाने दिलेल्यावर स्वतःचं काम चढवलं. पिढीमागून पिढी राजा आपल्या आधीच्यापेक्षा काहीतरी अधिक बांधून जाई. पांढरा, काळा आणि तांबडा दगड त्यांनी तिथेच खणून काढला आणि त्या खाणींचीच जहाजांची गोदी केली. बाहेरच्या तटाला कांशाचा मुलामा, आतल्याला कथलाचा, आणि राजवाड्याच्या तटाला ओरिकाल्कम नावाच्या, ज्वाळेसारख्या चमकणाऱ्या धातूचा; सोन्याच्या खालोखाल त्याची किंमत. पोसायडनचं देऊळ एक स्टेडियन लांब, अर्धा रुंद. बाहेरून चांदीने मढवलेलं, कळस सोन्याचे, आत छत हस्तिदंताचं. देवाची सोन्याची मूर्ती सहा पंखवाल्या घोड्यांच्या रथात उभी, डोकं छताला लागलेलं, भोवती डॉल्फिनवर स्वार झालेल्या शंभर जलकन्या. गरम झऱ्यावर स्नानगृहं बांधलेली: राजांची वेगळी, सामान्य लोकांची वेगळी, बायकांची वेगळी, आणि घोड्यांचीसुद्धा.

नगरामागे मैदान होतं, तीन हजार स्टेडिया लांब आणि दोन हजार रुंद. त्याची लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास येते. मुंबईहून सरळ रेघेत निघालं तर गोवा ओलांडून जावं लागेल एवढी. मैदानाभोवती खंदक, आत आडवे-उभे कालवे, डोंगरातलं लाकूड त्यांतून तरंगत शहरात येई. वर्षाला दोन पिकं, हिवाळी पावसावर एक, उन्हाळी पाटाच्या पाण्यावर दुसरं. साठ हजार वाटे, दर वाट्यामागे सैन्याला माणूस आणि सामान द्यायची सक्ती. दहा हजार रथ, बाराशे जहाजं. हत्तींचे कळप. बंदरात रात्रंदिवस व्यापाऱ्यांचा कोलाहल.

आम्हाला हा भाग सर्वांत प्रिय होता. एकेका तपशिलावर आम्ही आजोबांना अडवून धरायचो. घोड्यांना आंघोळीचं घर कशाला? कांसं समुद्राच्या हवेत काळं पडत नसेल का? ते न कंटाळता उत्तरं देत. आणि आमचं पोट भरलं की म्हणत, “आता राजांची रात्र.”

दहा राजे कधी पाच, कधी सहा वर्षांनी, आलटूनपालटून, पोसायडनच्या देवळात एकत्र येत. तिथे ओरिकाल्कमच्या खांबावर कायदे कोरलेले होते. देवळात मोकळे सोडलेले बैल असत. राजे लोखंडी हत्याराशिवाय, फक्त सोटे आणि फास घेऊन त्यातला एक पकडत आणि खांबावर त्याचा बळी देत. रक्त कायद्याच्या अक्षरांवरून ओघळे. मग शपथ घेत, की या कायद्याबाहेर आम्ही राज्य करणार नाही आणि कायद्याबाहेरची आज्ञा पाळणार नाही. अंधार पडला, होमाचा अग्नी निवला की सगळे गर्द निळी वस्त्रं नेसून निखाऱ्यांजवळ जमिनीवर बसत. देवळातले सगळे दिवे विझवलेले. त्या अंधारात ते एकमेकांचा न्याय करत, एकमेकांवर आरोप असतील तर ते ऐकत. उजाडल्यावर निवाडे सोन्याच्या पाटीवर लिहीत आणि वस्त्रांसह देवाला वाहत. मुख्य कायदे दोन-तीनच. कोणी कोणावर शस्त्र उचलायचं नाही. एखाद्या नगरात राजवट उलथवायचा प्रयत्न झाला तर सगळ्यांनी धावून जायचं. आणि निम्म्याहून अधिक राजांची संमती असल्याशिवाय आपल्या कोणत्याही नातलगाला देहदंड द्यायचा नाही.

हे सांगताना आजोबांचा आवाज बदलत असे. ते 1942 मध्ये कॉलेजात होते आणि पुढे सत्तेवर आलेली, सत्तेवरून गेलेली बरीच माणसं त्यांनी पाहिली होती. ते म्हणत, “सोन्याचं देऊळ ही त्या लोकांची श्रीमंती नव्हे. दिवे विझवून राजा जमिनीवर बसतो आणि दुसऱ्याला सांगतो की माझा न्याय कर, ही त्यांची श्रीमंती. ती असेपर्यंत बेट तरंगत होतं.”

उतरण लागली ती मनात. प्लेटो सांगतो की त्यांच्यातला देवाचा अंश जोवर शाबूत होता तोवर त्यांना सोन्याचं ओझं वाटे. एकमेकांवरचा लोभ आणि सद्गुण असले तर संपत्ती आपोआप वाढते, आणि संपत्तीमागेच लागलं तर तीही जाते आणि सद्गुणही जातात, हे ते जाणून होते. पिढ्या उलटल्या, देवाचा अंश पातळ होत गेला, मनुष्यस्वभाव वर आला. हाती आलेलं त्यांना पेलेना. हाव सुटली. आणि इथे प्लेटो एक अशी गोष्ट नोंदवतो जी मला त्या सगळ्या सुवर्णाच्या वर्णनाहून मोलाची वाटते. ज्यांना खरी नजर होती त्यांना हे लोक लाजिरवाणे दिसू लागले. ज्यांना ती नव्हती त्यांना मात्र ते नेमके याच काळात सर्वांत वैभवशाली आणि सर्वांत सुखी दिसत होते.

त्यांनी लिबिया इजिप्तच्या सीमेपर्यंत आणि युरोप इटलीतल्या तिरेनियापर्यंत जिंकला होता. आता उरलेल्यांना एका झडपेत गुलाम करायला ते निघाले. त्यांच्यासमोर उभं राहिलं जुनं अथेन्स: सोनंनाणं न बाळगणारं, लहान, शिस्तीचं. आधी इतरांसोबत आणि सोबती गळाल्यावर एकट्याने लढून त्याने आक्रमकांना हरवलं आणि बाकीच्यांना मोकळं केलं. पुढे भयंकर भूकंप आणि पूर आले. एका दिवसात आणि एका रात्रीत अथेन्सचं सैन्य जमिनीने गिळलं आणि अटलांटिस समुद्रात गेलं. जिथे ते होतं तिथे गाळ साचून जहाजांना वाट राहिली नाही.

जिंकणारेही त्याच रात्री गेले, हे आजोबा पुन्हा एकदा सांगत. आम्हाला ते अन्यायाचं वाटे.

‘क्रितियस’ संवाद अपुरा आहे. झ्यूस सगळ्या देवांना बोलावतो, या वंशाला शिक्षा करावी म्हणजे तो सुधारेल असं त्याच्या मनात असतं, देव जमतात, तो बोलायला तोंड उघडतो आणि ग्रंथ तिथेच, वाक्याच्या मध्ये संपतो. आजोबाही तिथेच थांबत. पुढचं विचारलं तर म्हणत, “प्लेटोने लिहिलं नाही, मी कसं सांगू?”

मग आजी हात पुसत बाहेर यायची. तिच्याकडे पुढचं होतं.

तिची द्वारका होती. घरात महाभारत वाचू नये, भांडणं लागतात, अशी समजूत आमच्याकडे पक्की आणि त्यातलं मौसल पर्व तर कोणी काढतही नसे. आजी मात्र ते सांगत असे. बालकृष्णाचं लोणी सांगणाऱ्याने यादवीही सांगितली पाहिजे, असं तिच्या वडिलांनी तिला बजावलं होतं. माजलेल्या यादवपोरांनी सांबाला गरोदर बाईचं सोंग देऊन ऋषींची केलेली थट्टा, त्या शापातून निघालेलं मुसळ, त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकणं, प्रभासक्षेत्री दारू पिऊन सुरू झालेली बाचाबाची, आणि हातात घ्यावी ती एरका गवताची काडी मुसळ होऊन आपल्याच माणसाच्या डोक्यात बसणं. कृष्ण समोर असतानाची ही गोष्ट. शेवटी अर्जुन उरलेल्या बायकामुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडतो आणि मागे समुद्र द्वारकेत शिरतो. आजी सांगायची, “समुद्र नंतर आला गो. नगरी आधीच बुडालेली होती.”

आम्ही विचारलं, हे खरं घडलं का? खाडीच्या पलीकडे दाभोळ दिसत असे. आजोबांनी तिकडे बोट केलं. बहमनी काळात ते पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर होतं. अरबस्तानातून घोडे इथे उतरत, मक्केच्या यात्रेची जहाजं इथून सुटत. रशियन प्रवासी अफानासी निकितिन भारतातून परत निघाला तो याच बंदरातून. 1508 च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द अल्मैदा आरमार घेऊन आला आणि त्याने हे शहर लुटून जाळलं, माणसं कापली. “हे घडलेलं आहे,” आजोबा म्हणाले, “याला कागद आहे. अटलांटिसला कागद नाही, ते एका शहाण्या माणसाने रचलेलं आहे. पण त्याने ते का रचलं, ते विचार. घडलेल्या गोष्टीला केव्हा आणि कुठे विचारायचं. रचलेल्या गोष्टीला कोणासाठी ते विचारायचं.”

कोणासाठी, याचं उत्तर पुढे कॉलेजात ग्रीसचा इतिहास वाचताना मला मिळत गेलं.

प्लेटो जन्मला तेव्हा अथेन्सचं स्पार्टाशी युद्ध सुरू होतं. इराणी आक्रमण परतवल्यावर ज्या नगरीने समुद्रावर राज्य केलं, मित्रनगरांकडून खंडणी घेतली आणि त्या पैशातून संगमरवरी देवळं उभारली, तिच्या उतरणीच्या काळात तो वाढला. इ. स. पू. 415 मध्ये अथेन्सने सिसिली जिंकायला प्रचंड आरमार पाठवलं आणि दोन वर्षांत ते सगळं सिराक्यूजपाशी गमावलं. इ. स. पू. 404 मध्ये अथेन्स शरण गेलं, तट पाडले गेले. त्यानंतर सत्ता बळकावणाऱ्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचा म्होरक्या प्लेटोच्या आईच्या नात्यातलाच, त्याचंही नाव क्रितियस. इ. स. पू. 399 मध्ये पुन्हा लोकशाही आलेल्या अथेन्सने सॉक्रेटिसला विष दिलं. आणि इ. स. पू. 373 मध्ये, प्लेटो पन्नाशीत असताना, कोरिंथच्या आखाताकाठचं हेलिके नगर हिवाळ्यातल्या एका रात्रीत भूकंप आणि लाटांनी बुडालं. पोसायडनच्या देवळासाठीच ते प्रसिद्ध होतं. या सगळ्याचं बोट धरून ‘क्रितियस’ पुन्हा वाचला की गोष्ट उलगडते. बंदरं, गोद्या, आरमार, परदेशी माल, एकमेकांवर चढत जाणारी बांधकामं असलेलं ते बेट म्हणजे सत्तेच्या माजातलं खरं अथेन्स. आणि त्याला हरवणारं गरीब, शिस्तशीर, आरमार नसलेलं जुनं अथेन्स म्हणजे प्लेटोच्या मनातलं नगर. फ्रेंच इतिहासकार पियेर विदाल-नाके यांनी हा अन्वय फार बारकाईने मांडला आहे. अथेन्सने अथेन्सशी केलेलं ते युद्ध आहे. प्लेटोने आपल्या माणसांसमोर आरसा धरला, आणि तो त्यांनी नाकारू नये म्हणून आजोबांच्या हाती दिला.

त्याच संवादात आणखी एक जागा आहे, जी आजोबांनी आम्हाला डोंगर दाखवून सांगितली होती. अथेन्सभोवतीच्या डोंगरांवर पूर्वी खोल माती होती, दाट रानं होती, मोठमोठ्या घरांच्या तुळया त्या रानांतून येत. पाऊस मातीत मुरे आणि झरे वाहत. आता माती धुपून समुद्रात गेली, उघड्या डोंगरांवर मधमाश्यांपुरतं तेवढं उरलं, आणि जुन्या झऱ्यांच्या जागी फक्त देवळ्या राहिल्या. हे प्लेटोने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिलं. आमच्या मागचा डोंगर आजोबांच्या लहानपणी ऐन, किंजळ, खैराने भरलेला होता. कोळशाच्या भट्ट्यांनी आणि ठेकेदारांनी तो सोलून काढला होता. संस्कृती बुडायला नेहमीच लाट लागते असं नाही, हे मी तिथे शिकले.

प्लेटोनंतरच्या माणसांनी या गोष्टीचं काय केलं ते पाहिलं की मन खिन्न होतं. त्यांनी पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध टाकला. 1882 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाचे माजी काँग्रेस सदस्य इग्नेशियस डॉनेली यांनी जाडजूड ग्रंथ लिहून अटलांटिस खरंच होतं आणि जगातल्या सगळ्या जुन्या संस्कृती तिथूनच निघाल्या असा दावा केला. पिरॅमिड इजिप्तमध्येही आणि मेक्सिकोतही, म्हणजे दोघांचं मूळ एक, अशी त्यांची सरणी. पुस्तक तुफान खपलं. थिऑसॉफी पंथाच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की 1879 मध्ये मुंबईत आल्या, गिरगावात राहिल्या, तिथूनच ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू झालं. पुढे 1888 च्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये त्यांनी अटलांटिसच्या लोकांना मानवजातीचा चौथा मूळवंश ठरवलं, आणि तिसरा लेमुरियाचा. लेमुरिया ही मुळात इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांची 1864 मधली अटकळ. मादागास्करचे लेमर आणि भारतातले त्यांचे भाईबंद यांचं कोडं सोडवायला त्यांनी समुद्रात एक बुडालेला खंड कल्पिला. तमिळ परंपरेत समुद्राने गिळलेल्या भूमीच्या कथा होत्याच. विसाव्या शतकात त्यांना लेमुरियाची जोड मिळून कुमारी कंडम हे हरवलेलं मूळस्थान पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचलं. आणि 1935 मध्ये नाझी नेता हिमलर याने स्थापलेल्या आनेनेर्बे या संस्थेचा एक संस्थापक हर्मान विर्थ उत्तरेकडच्या अटलांटिसमधून आलेल्या आर्य पूर्वजांच्या खुणा शोधत होता. वंशाच्या अभिमानाला पूर्वज हवे होते. ते पूर्वज हावरेपणाने बुडाले होते, एवढंच त्याला नको होतं.

विज्ञानाने आपलं उत्तर दिलेलं आहे. 1960 च्या दशकात महासागराच्या तळाचा अभ्यास झाला. अटलांटिक मधोमध फाकतो आहे आणि दोन्हीकडची जमीन दूर सरते आहे. बुडालेल्या खंडाला तिथे जागाच नाही. 1967 मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी थेरा बेटावर अक्रोतिरीचं उत्खनन सुरू केलं, इ. स. पू. सोळाशेच्या सुमाराच्या ज्वालामुखीच्या राखेखाली दुमजली घरं, सांडपाण्याची व्यवस्था आणि सुंदर भित्तिचित्रं मिळाली. अटलांटिस सापडलं अशी हाकाटी झाली. सापडलं होतं ते अक्रोतिरी, आणि ते स्वतःच्या बळावर मोठं आहे. हेलिकेचे अवशेष 2001 मध्ये मिळाले, तेही समुद्रात नव्हे तर किनाऱ्याच्या आतल्या गाळात. आपल्याकडे 1980 च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व पथकाने एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला, दगडी नांगर आणि बांधकामं नोंदवली. ती बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा आजोबांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. आजीने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “मुसळ सापडलं का?” तिला दगडांबद्दल अनादर नव्हता. तिला गोष्टीतला जो भाग महत्त्वाचा वाटत होता तो पाणबुड्याला सापडण्यासारखा नव्हता.

उत्तरार्ध जपणारा एक मोठा लेखक मात्र झाला. जे. आर. आर. टॉल्किनला लहानपणापासून एक स्वप्न पडे: हिरव्यागार जमिनीवर चढून येणारी प्रचंड लाट. आपल्या एका मुलालाही तेच स्वप्न पडतं हे त्याला पुढे कळलं. त्याने नूमेनोर हे बेट रचलं. तिथल्या माणसांना इतरांहून दीर्घ आयुष्य आणि ज्ञान मिळालेलं; पण मरण चुकवण्याची हाव त्यांना सुटते, इतरांना ते गुलाम करू लागतात, अमरांच्या भूमीवर आरमार नेतात आणि बेट समुद्रात जातं. टॉल्किन पहिलं महायुद्ध लढून आला होता, जवळचे मित्र त्यात गमावून. साम्राज्याच्या भर वैभवात वाढलेल्या त्या माणसाने प्लेटोकडून बेट घेतलं ते बुडण्यासकट घेतलं.

आजोबा-आजी गेली त्याला आता बराच काळ झाला. त्यांच्या गोष्टी मी आमच्या घरातल्या मुलांना सांगते, आणि सांगताना पाहते की पूर्वार्धाला गिऱ्हाईक फार आहे. आपल्या अवतीभवतीही सुवर्णयुगांची वर्णनं उदंड आहेत. आपले पूर्वज किती मोठे होते, त्यांची जहाजं कुठवर जात, त्यांना काय काय आधीच ठाऊक होतं. त्यातलं पुष्कळ खरं आहे, आणि जे खरं आहे त्याचा अभिमान मलाही आहे. पण जी माणसं इतकी मोठी होती ती खाली कशी आली, हे विचारलं की सांगणारे परक्या आक्रमकाकडे किंवा नशिबाकडे बोट दाखवतात. दाभोळ जाळणारा परकाच होता, हे खरं. तरीही प्लेटो आपल्या विजयी पूर्वजांना त्याच रात्री बुडवतो, आणि व्यास प्रत्यक्ष कृष्णाच्या कुळाला आपसांतल्या मारामारीत संपवतात, ते उगीच नव्हे. परक्याने बुडवलं तर शिकण्यासारखं थोडं असतं. आपण आपल्याला कसे बुडवतो, हे सांगायला घरातलंच वडील माणूस लागतं, कारण दुसऱ्या कोणाकडून आपण ते ऐकून घेत नाही.

म्हणून ज्यांच्या घरात मुलं असतील त्यांना माझी विनंती आहे. सोन्याची नगरी जरूर सांगा. तट, कालवे, हत्ती, जहाजं, काही गाळू नका; मुलांना वैभव ऐकायला आवडतं आणि ते आवडावंही. पण मुलं पेंगुळली म्हणून तिथे थांबू नका. दुसऱ्या दिवशी पुढची गोष्ट सांगा: दिवे विझवून जमिनीवर बसणारे राजे तसे बसायचे केव्हा थांबले, ती. अर्धी सांगितलेली गोष्ट मुलांना नुसता गर्व देते. पुरी सांगितलेली त्यांना सावध करते.